पणजीतून पोर्तुगालचा डी-८ व्हिसा : एजंटाच्या पॅकेजमध्ये काय घ्यावे, काय सोडावे

गोव्यात ‘पोर्तुगालचे कागद’ म्हटले की आजवर एकच गोष्ट डोळ्यांसमोर यायची : १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजोबा-आजीची जन्मनोंदणी लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिकत्व घेणे. त्या वाटेने गेलेल्याचे भारतीय नागरिकत्व १९५५च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे संपते. आता त्याच एजंटांच्या पाट्यांवर दुसरी ओळ आली आहे, ‘डी-८ फुल पॅकेज’. भारतातल्या किंवा अमेरिकेतल्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करत पोर्तुगालमध्ये राहण्याचा हा व्हिसा. भारतीय पासपोर्ट हातात राहतो, घरात पोर्तुगीज काळात जन्मलेले कोणी असण्याची गरज नाही, आणि म्हणून पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव सगळीकडून त्याची चौकशी होते आहे.

हे परीक्षण त्या पॅकेजचे आहे. निकाल आधीच सांगतो : फॉर्म भरणे, अपॉइंटमेंट, विमा, पोलिस दाखला ही पॅकेजमधली कामे घरबसल्या होतात, त्यासाठी एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. ज्या कागदांवर व्हिसा मिळतो किंवा अडतो ते तुमची कंपनी आणि तुमची बँक देते, तिथे एजंट काहीच करू शकत नाही. पैसे मोजावेत असे एकच टोक आहे, ते पोर्तुगालमधले : कर क्रमांक, घराचा करार, आणि पोचल्यावरची निवासपत्राच्या कार्डाची भानगड. नेमके हेच टोक बहुतेक पॅकेजमध्ये सर्वांत कच्चे असते.

पहिली परीक्षा एजंटाची घ्या. त्याच्या माहितीपत्रकात उत्पन्नाची अट किती लिहिली आहे ते बघा. कायदा ऑगस्ट २०२२चा, अर्ज ३० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले, आणि अट अशी की मागच्या तीन महिन्यांचे सरासरी मासिक उत्पन्न पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट हवे. हे वेतन दर जानेवारीत बदलते. २०२३ साली ते ७६० यूरो होते, म्हणजे अट ३,०४० यूरोंची. २०२४ला ८२० होते, अट ३,२८०. २०२५ला ८७०, अट ३,४८०. २०२६ला वेतन ९२० यूरो झाले, त्यामुळे आकडा ३,६८० वर गेला. यूरो १०५ रुपयांना धरला तर महिना ३,८६,४०० रुपये. पत्रकावर अजून ३,०४० छापलेले असेल तर त्या माणसाने तीन वर्षे नियम वाचलेले नाहीत, पुढे बसू नका. याशिवाय बचतीचा पुरावा लागतो. सामान्यपणे बारा महिन्यांच्या किमान वेतनाएवढी शिल्लक दाखवावी, २०२६च्या हिशेबाने ११,०४० यूरो. जोडीदार सोबत असेल तर त्यात निम्मी भर, प्रत्येक मुलामागे तीस टक्के.

दुसरा प्रश्न एजंटाने तुम्हाला विचारायला हवा, आणि तो सहसा विचारत नाही : कोणता डी-८? यात दोन प्रकार आहेत. तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा एक वर्षापर्यंतचा असतो, त्यावर तिथले कार्ड काढावे लागत नाही. निवासी व्हिसा फक्त चार महिन्यांचा आणि दोन प्रवेशांचा असतो. त्या मुदतीत पोर्तुगालला जाऊन एआयएमए या तिथल्या स्थलांतर खात्याकडे बोटांचे ठसे देऊन दोन वर्षांचे निवासपत्र घ्यायचे, पुढे ते तीन वर्षांसाठी वाढते. वर्षभर लिस्बन किंवा पोर्तोत राहून पर्वरीला परत यायचे असेल तर पहिला प्रकार पुरतो आणि एआयएमएचा सगळा ताप वाचतो. पॅकेजमध्ये मात्र सरसकट दुसरा विकला जातो, कारण त्यात कामे जास्त, म्हणून बिल जास्त.

अर्ज पणजीतच होतो हा गोव्याचा मोठा फायदा. व्हीएफएस या दूतावासांसाठी अर्ज गोळा करणाऱ्या खासगी कंपनीचे केंद्र फाईल घेते, ठसे-फोटो घेते, फी घेते. निर्णय आल्तिनोवरच्या पोर्तुगालच्या महावाणिज्य दूतावासात होतो. काउंटरवरचा कर्मचारी चेकलिस्टप्रमाणे कागद आहे की नाही एवढेच बघतो, त्या कागदात काय लिहिले आहे याचा न्याय तो करत नाही. म्हणून ‘केंद्रात आमची ओळख आहे’ या वाक्याला किंमत शून्य. अपॉइंटमेंट ऑनलाइन स्वतः घेता येते. निवासी व्हिसाच्या निर्णयाला कायद्याने साठ दिवसांची मुदत आहे. कागद अपुरे वाटले तर मध्ये विचारणा येते आणि वेळ वाढतो. विमानाचे तिकीट त्याआधी पक्के करायला सांगणाऱ्या एजंटाचे ऐकू नका.

आता फाईलचा गाभा. तीन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत : नोकरीचा करार किंवा कंपनीचे पत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, आणि त्याच तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट. बहुतेक फाईली इथेच लंगड्या पडतात.

कंपनीच्या पत्रात ‘वर्क फ्रॉम होम’ असे लिहून चालत नाही. घर म्हणजे ताळगाव की लिस्बन, हे त्यातून कळत नाही. पत्रात साफ शब्दांत हवे : अमुक कर्मचारी अमुक पदावर, अमुक तारखेपासून कायम नोकरीत आहे, कंपनी पोर्तुगालबाहेर नोंदलेली आहे, आणि त्याला पोर्तुगालमध्ये राहून दूरस्थ काम करण्याची परवानगी आहे. पगार रुपयांत असेल तर आकडा रुपयांतच द्यावा, शेजारी यूरोतली रक्कम आणि धरलेला दर लिहावा. सही करणाऱ्याचे नाव, पद, कंपनीचा ईमेल आणि फोन पाहिजे, कारण दूतावास पडताळणी करू शकतो. कंपनीचा नोंदणी दाखलाही जोडावा.

स्लिपवर चार लाख आणि बँकेत जमा तीन लाख दहा हजार, हे भारतीय फाईलीत नेहमीचे. मधली रक्कम टीडीएस आणि पीएफमध्ये गेलेली असते, पण तपासणाऱ्यासमोर पहिला पुरावा बँकेचा असतो. म्हणून माझे मत असे की हातात पडणारा पगारच चौपटीच्या वर असेल तर अर्ज करावा, आणि वर दहा-पंधरा टक्के मोकळीक ठेवावी. यूरो पाच रुपयांनी वाढला तर ३,६८० यूरोंच्या अटीत १८,४०० रुपयांचा फरक पडतो, काठावरची फाईल तेवढ्याने खाली येते. तीन महिन्यांत एकदा मोठा बोनस आला आणि सरासरी भरली, असाही प्रकार असतो. तो टिकाऊ समजू नका. अशा वेळी सहा महिन्यांचे स्टेटमेंट आणि मागच्या वर्षाचा फॉर्म १६ जोडून नियमित पगार स्वतंत्र दाखवावा. अर्जाच्या आधल्या आठवड्यात नातेवाइकाकडून मोठी रक्कम खात्यात आणून बचत दाखवणे सर्वांत वाईट, आणि काही एजंट हेच सुचवतात. त्या नोंदीचा स्रोत विचारला जातो, उत्तर नसले की सगळ्या फाईलवर संशय बसतो.

फ्रीलान्सरांची फाईल जाड होते. प्रत्येक ग्राहकाशी लेखी करार, बिले, त्या बिलांचे पैसे आल्याचे बँकेचे परकीय चलन आवक पत्र, आणि आयकर विवरणपत्रे. बिल, आवक पत्र आणि स्टेटमेंटमधली नोंद यांना एकच क्रमांक देऊन एका पानाची तालिका करावी. दोनशे पानांमधून तीन महिन्यांचे उत्पन्न शोधायचे काम अधिकाऱ्यावर टाकू नये. एकही ग्राहक पोर्तुगालमधला धरू नका, हा व्हिसा बाहेरच्या उत्पन्नासाठी आहे.

कर-निवासाचा दाखलाही लागतो. नुसती आयकर विवरणपत्राची पोचपावती जोडण्यापेक्षा आयकर खात्याचा टॅक्स रेसिडेन्सी दाखला काढणे बरे. तो तुमच्या असेसिंग ऑफिसरकडून येतो, अर्ज लवकर टाका.

पोलिस दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवा पोर्टलवरून. फी ५०० रुपये. अर्जात देश ‘पोर्तुगाल’च निवडा, कारण दाखल्यावर देशाचे नाव येते आणि दुसऱ्या देशाचा दाखला इथे चालत नाही. पासपोर्टवर डिचोलीचा पत्ता आणि राहता दोनापावलाला, असे असेल तर हल्लीच्या पत्त्यावर पोलिस पडताळणी होते, त्यात दिवस जातात. दाखला तीन महिन्यांहून जुना नको, म्हणून तो सगळ्यांत आधी काढून ठेवण्याची चूक करू नये. कंपनीचे पत्र आणि घराचा करार मार्गी लागल्यावर काढा. मग त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का. मंत्रालयाची फी दर कागदाला ५० रुपये आहे, वरचे पैसे नेमलेल्या सेवादार कंपनीचे. पॅकेजमध्ये या एका शिक्क्याचे किती लावले आहेत ते वेगळे लिहून मागा.

आखातातून परतलेल्या गोवेकरांनी इथे थांबावे. एक वर्षाहून जास्त जिथे राहिलात त्या देशाचाही पोलिस दाखला लागतो. ओमान आणि बहारीन अपॉस्टिल करारात आहेत, तिथले काम सोपे. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत त्या करारात नाहीत. तिथला दाखला आधी तिथल्या परराष्ट्र खात्याने, मग पोर्तुगालच्या वकिलातीने प्रमाणित करावा लागतो. दुबईचे काम सुटून दोन वर्षे झाली असतील तर यालाच सर्वांत जास्त वेळ लागेल, आणि चेकलिस्टमध्ये हा मुद्दा नसेल तर एजंटाला विषय माहीत नाही हे समजा.

कुटुंबासोबत जाणाऱ्यांसाठी गोव्याच्या नोंदणीतल्या दोन गोष्टी. इथल्या नागरी नोंदणीत लग्न दोन सह्यांचे असते. पहिली सही ही इच्छेची नोंद, त्यानंतर नोटीस, आणि दुसऱ्या सहीनंतर लग्न पूर्ण होते. देवळातला विधी थाटात झाला आणि दुसरी सही राहिली, तर दाखवायला लग्नाचा दाखलाच नसतो. दुसरी गोष्ट नावांची. जुन्या नोंदींत आडनावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात, कामत तिथे ‘कामोतिम’ होतो. जन्मदाखला एका नावाने, पासपोर्ट दुसऱ्या, बँक खाते तिसऱ्या, असे असेल तर फाईल टाकण्याआधी दुरुस्ती करा. नावबदलासाठी गोव्याचा १९९०चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी कार्यालयातून रीतसर दाखला मिळतो. ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे नोटरीचे प्रतिज्ञापत्र स्वस्त पडते, पण त्यावर विसंबू नये. जन्म आणि लग्नाच्या दाखल्यांना अपॉस्टिलच्या आधी राज्य सरकारचे प्रमाणीकरण लागते, तो टप्पा विसरला की कागद परत येतो.

आता ज्यासाठी पैसे द्यावेत ते. एनआयएफ हा पोर्तुगालचा कर क्रमांक, त्याशिवाय ना भाडेकरार होतो ना बँक खाते. गोव्यात बसून तो तिथल्या वकिलामार्फत किंवा प्रतिनिधीमार्फत निघतो. पत्ता भारताचा असताना कर-प्रतिनिधी नेमावा लागतो, किंवा करखात्याच्या इलेक्ट्रॉनिक सूचना स्वीकाराव्या लागतात. दरवर्षीची प्रतिनिधी-फी लावणाऱ्या पॅकेजमध्ये हा दुसरा पर्याय सांगितलेला नसतो. विचारा. एनआयएफचा पासवर्ड तुमच्या हातात आला पाहिजे, एजंटाच्या ईमेलवर नाही.

घराचा पुरावा हा दुसरा अवघड कागद. निवासी व्हिसासाठी हॉटेलचे बुकिंग देऊन भागवू नका, बारा महिन्यांचा करार द्या, आणि तो घरमालकाने करखात्यात नोंदवलेला असावा. नोंदणीची प्रत मागा. नोंद नसलेला करार म्हणजे मालक भाडे लपवतो आहे, आणि पुढे एआयएमएसमोरही तो कागद दुबळा. आगाऊ भाडे दोन महिन्यांपर्यंत आणि डिपॉझिट दोन महिन्यांपर्यंत, अशी कायद्याची मर्यादा आहे. परदेशी माणसाकडे जामीनदार नसतो म्हणून सहा-सहा महिन्यांचे भाडे मागितले जाते. तिथे राहणारा गोवेकर नातलग असेल तर त्याच्याकडून राहण्याच्या जबाबदारीचे पत्र घेता येते, पण त्याचे स्वतःचे घर किंवा नोंदलेला करार, आणि निवासपत्र किंवा पोर्तुगीज ओळखपत्र सोबत हवे. काही पॅकेजमध्ये ‘पत्त्याचा पुरावा’ म्हणून एकाच घराचा पत्ता कित्येकांना दिला जातो. करारावरचा पत्ता, मालकाचे नाव आणि फोन स्वतः तपासल्याशिवाय एक पैसाही पाठवू नका. चांगला पोर्तुगीज वकील घराचा मालकी-उतारा काढून देतो. या एका कामाची फी आनंदाने द्यावी.

पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांवरच्या रकमेला वीस टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. डिपॉझिट, भाडे, बचत एकाच वर्षात पाठवणार असाल तर हिशेब आधी करा. विमा किमान ३०,००० यूरोंचा, उपचार आणि मायदेशी परत आणण्याच्या खर्चासह. तो ऑनलाइन मिनिटांत निघतो.

कराबद्दल एजंट जे बोलतात त्यातले बरेच शिळे आहे. ‘दहा वर्षे कर सवलत’ देणारी एनएचआर योजना नव्या लोकांसाठी २०२४च्या सुरुवातीलाच बंद झाली. संक्रमणाची मुदतही सरली. तिच्या जागी आलेली सवलत संशोधन आणि नवोन्मेषाच्या ठरावीक कामांपुरती आहे, सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांना ती लागू नाही. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात की पोर्तुगालचे कर-निवासी होता, आणि तिथला वरचा दर ४८ टक्क्यांपर्यंत जातो. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो वाचून हिशेब करणारा सीए वेगळा लागतो.

कंपनीचा एचआर नकार देतो त्यामागे सहसा हट्ट नसतो. पोर्तुगालमध्ये आपली कर-हजेरी, म्हणजे कंपनीला तिथे कर भरण्याची जबाबदारी, निर्माण होईल का आणि तिथले सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरावे लागतील का, या दोन भीती असतात. दुसऱ्या भीतीला उत्तर आहे. भारत-पोर्तुगाल सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, आणि पीएफ भरणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी ईपीएफओकडे कव्हरेज प्रमाणपत्राचा, म्हणजे हप्ते भारतातच भरले जातात असे सांगणाऱ्या कागदाचा, अर्ज ऑनलाइन करता येतो. आपल्या नेमणुकीला ते बसते का, हे एचआरशी बोलतानाच तपासा. पॅकेज विकणाऱ्या पत्रकांत या प्रमाणपत्राचा उल्लेख असायला हवा होता.

तीन आश्वासने ऐकली तर उठून बाहेर या. एक, ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’. ती वाट पोर्तुगालने ३ जून २०२४ ला बंद केली. दोन, ‘पाच वर्षांत पासपोर्ट’. नागरिकत्वाची मुदत वाढवण्याचा विषय २०२५ मध्ये तिथल्या संसदेत आणि घटना न्यायालयात गाजला, आणि पोर्तुगीज भाषेची ए-२ (प्राथमिक) पातळीची परीक्षा वेगळीच. तीन, ‘घरचे सगळे नंतर लगेच येतील’. ऑक्टोबर २०२५च्या कायद्याने कुटुंब बोलावण्याआधी सामान्यपणे दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची अट घातली, अपवाद मुख्यतः अल्पवयीन मुले आणि त्या मुलांचा पालक असलेला जोडीदार यांचा. कुटुंबाचा बेत आधी ठरवा, मगच फाईल.

उत्पन्न ३,६८० यूरोंपर्यंत पोचत नसेल तर डी-८ला जोर लावू नका. दुबईचा एक वर्षाचा रिमोट कामाचा निवास महिना ३,५०० डॉलरवर मिळतो आणि गोव्याहून ते जवळ आहे, पण त्यातून युरोपचे काही मिळत नाही.

पोर्तुगालमध्ये उतरल्यावरच्या एआयएमएबद्दल पॅकेजमध्ये ‘सहाय्य’ एवढाच शब्द असतो. हे खाते २९ ऑक्टोबर २०२३ ला जुन्या एसईएफच्या जागी आले आणि चार लाखांच्या घरात प्रलंबित प्रकरणे त्याच्या वाट्याला आली, म्हणून तारीख आणि ठिकाण व्हिसासोबत मिळाले असेल तर ते कोणत्याही कारणाने चुकवू नका. ठसे देण्यासाठी घरापासून दोनशे किलोमीटरवरचे कार्यालय मिळू शकते, तरी जा. सोबत मूळ करार, एनआयएफ, सामाजिक सुरक्षा क्रमांक, ताजे बँक स्टेटमेंट आणि कंपनीचे त्या महिन्याचे पत्र ठेवा. पणजीला दिलेले पत्र तोवर जुने झालेले असते. एजंटाकडून लेखी घ्या की त्या दिवशी पोर्तुगीज बोलणारा माणूस प्रत्यक्ष हजर राहील, आणि त्या कामाचे पैसे काम झाल्यावरच द्या. कार्ड नंतर पोस्टाने येते. टपालपेटीवर तुमचे नाव चिकटवा, आणि मजला व दरवाजा क्रमांक करारात लिहिलाय तसाच एआयएमएकडे नोंदवा, नाहीतर पाकीट परत जाते.